साखळी करवत आणि तिचा अडसर

प्रस्तावना

दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशात मे-जून महिन्यांत धुळीची वादळे येतात. तेथील लोक त्यांना 'आँधी' म्हणतात. ३० मे २०२२ रोजी आलेल्या अशाच एका वादळात सफदरजंग येथे वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर नोंदला गेला. जामा मशिदीच्या मधल्या घुमटाचा कळस मोडला. शहरात ठिकठिकाणी झाडे रस्त्यांवर आडवी झाली.

दिल्ली हे झाडांचे शहर आहे. अकबर रस्त्यावरील चिंचा, जनपथावरील अर्जुनवृक्ष, कर्तव्यपथालगतची जांभळे ही नवी दिल्ली वसवताना केलेली लागवड आहे. आज त्यातील जुनी झाडे वृद्ध झाली आहेत. अनेक वसाहतींत झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेले असते. त्यामुळे मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. म्हणूनच राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला होता.

झाड पडले की वाहतूक थांबते आणि थोड्याच वेळात साखळी करवतीचा कर्कश आवाज ऐकू येऊ लागतो. कुऱ्हाडीने जे काम दिवसभर चालले असते, ते ही करवत काही मिनिटांत करते. परंतु जे यंत्र जाड बुंधा सहज कापते, त्याला माणसाचा हात आणि लाकूड यांतील भेद कळत नाही. तो भेद यंत्राच्या रचनेतच घालून ठेवावा लागतो. तो कसा घातला जातो, हे प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• साखळी करवतीची रचना आणि तिचे कार्य सांगू शकाल;
• साखळीच्या अडसराचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• यंत्रातील हितकारक बदल आणि घातक बदल यांतील फरक ओळखू शकाल;
• सूचनांच्या भाषेतील आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. अळीने शिकवलेला धडा

सुताराची हातकरवत पुढे-मागे चालते. साखळी करवतीत मात्र दात असलेली साखळी एका लांबट पोलादी पट्टीभोवती अखंड फिरत राहते. या पट्टीला कारागीर 'बार' म्हणतात. इंजिनाला जोडलेले दातेरी चाक साखळीला ओढते आणि पट्टीच्या कडेला असलेल्या खाचेतून साखळी धावते.

जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. ती इतकी जड होती की चालवण्यासाठी दोन माणसे लागत. पुढे पेट्रोलवर चालणाऱ्या करवती आल्या. मात्र त्यांच्या साखळीचे दात लवकर बोथट होत आणि धार लावण्यात फार वेळ जाई. अमेरिकेतील जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या या अडचणीवर विचार करीत होता. १९४६ मध्ये त्याला एका ओंडक्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी दिसली. ती आपले जबडे डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने चालवून सहज वाट काढीत होती. कॉक्सने त्याच धर्तीवर साखळीचे दात एक डावीकडे व एक उजवीकडे वळलेले असे घडवले. आजही बहुतेक साखळ्यांची रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे.

२. अडसर

पूर्ण वेगात असताना साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७२ किलोमीटर वेगाने धावते. पट्टीच्या वरच्या कडेवरून ती चालकापासून दूर जाते आणि खालच्या कडेवरून चालकाकडे परत येते. आता ही साखळी अचानक तुटली किंवा खाचेतून निसटली, तर काय होईल? तिचे सुटे टोक चाबकासारखे मागे फेकले जाईल. मागच्या मुठीवर चालकाचा उजवा हात असतो. फटका त्याच दिशेने येतो.

हा फटका अडवण्यासाठी करवतीच्या पुढच्या बाजूस, पट्टीच्या मुळाशी आणि साखळीच्या खाली एक लहानसा खुंट बसवलेला असतो. तो अॅल्युमिनियमचा किंवा टणक प्लॅस्टिकचा असतो. त्याला 'चेन कॅचर' म्हणतात. दाराला लावायच्या अडसराची आठवण ठेवून आपण त्याला साखळीचा अडसर म्हणू. निसटलेली साखळी या अडसरावर अडकते, तिची झेप आखूड होते आणि तिचा जोर ओसरतो. त्याच्या जोडीला मागच्या मुठीचा खालचा भाग मुद्दाम रुंद केलेला असतो. अडसरातून सुटलेला फटका त्या रुंद भागावर बसतो, बोटे वाचतात.

अडसर लाकूड कापत नाही, इंजिनाला बळ देत नाही. वर्षानुवर्षे तो केवळ तेथे असतो. म्हणूनच तो मोडला तरी पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि लक्षात आले तरी बदलला जात नाही. त्याचे काम एका क्षणाचे असते. त्या क्षणी मात्र त्याच्या जागी दुसरे काहीही चालत नाही.

साखळी एकदा अडसरावर आदळली की काम थांबवावे. इंजिन बंद करून अडसराला चीर गेली आहे काय, हे पाहावे. साखळीच्या खालच्या कड्यांना खरवड आली असेल, तर ती नीट केल्याशिवाय किंवा साखळी बदलल्याशिवाय पुन्हा काम सुरू करू नये.

३. साखळी निसटते का?

अडसर हा शेवटचा उपाय होय. साखळी निसटूच नये, ही पहिली काळजी. सैल साखळी, झिजलेले दातेरी चाक, रुंदावलेली खाच, तेलाचा अभाव ही निसटण्याची प्रमुख कारणे आहेत. बारीक फांद्यांच्या झुडपात करवत घुसवली, तर काटक्या साखळीत अडकून तिला बाजूला ओढतात.

साखळीचा ताण तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद करावे, यंत्र थंड होऊ द्यावे आणि हातमोजे घालावेत. साखळी पट्टीच्या खालच्या कडेला टेकलेली असावी आणि तरीही ती हाताने ओढून सहज फिरावी. लोंबत असेल तर सैल, फिरत नसेल तर अतिघट्ट असे समजावे. नवी साखळी सुरुवातीला लांबते. म्हणून ती वरचेवर तपासावी लागते.

४. धार आणि सुरक्षितता

धारदार करवत धोक्याची आणि बोथट करवत निरुपद्रवी, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. धारदार साखळी स्वतःच्या ओढीने लाकडात शिरते. बोथट साखळीवर चालकाला जोर द्यावा लागतो. जोर दिला की तोल जातो, हात थकतात, साखळी तापते आणि सैल होते. साखळीतून काय बाहेर पडते ते पाहिले की धार कळते. जाडसर ढलप्या उडत असतील, तर धार चांगली आहे. पिठासारखा भुसा पडत असेल, तर कानस हाती घेण्याची वेळ झाली आहे.

धार गोल कानशीने लावतात. कानशीची जाडी साखळीच्या मापानुसार निवडावी लागते. कानस दाताच्या आतील बाजूकडून बाहेर, एकाच दिशेने, ठरावीक कोनात चालवावी. प्रत्येक दाताला सारखेच घास द्यावेत. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले, तर काप वाकडा जातो.

प्रत्येक दाताच्या पुढे एक लहान उंचवटा असतो. दाताने एका वेळी किती लाकूड उचलावे, हे तो ठरवतो. दात आणि हा उंचवटा यांच्या उंचीत बहुतेक साखळ्यांत अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढाच फरक ठेवतात. लवकर काम उरकावे म्हणून काही जण हे उंचवटे कानशीने खूप उतरवतात. मग दात लाकडात खोल रुततात, यंत्र हिसके देते आणि उसळीचा धोका वाढतो.

५. उसळी

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर साखळी तेथे क्षणभर अडते आणि सगळी पट्टी वर व मागे, चालकाच्या चेहऱ्याकडे फेकली जाते. हिला उसळी म्हणतात. माणसाला विचार करण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा ती लवकर घडते. म्हणून उसळीचा बंदोबस्त यंत्रातच करावा लागला. पुढच्या मुठीसमोरचे कवच हे केवळ आडोसा नसून ब्रेकची कळ असते. उसळीत डाव्या मनगटाचा धक्का लागून किंवा धक्क्याच्या जोराने कवच आपोआप पुढे ढकलले जाते आणि साखळी तत्क्षणी थांबते.

मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंगा बसवल्याने हातापर्यंत पोहोचणारी कंपने कमी होतात. ही सोय नसलेल्या जुन्या करवती वर्षानुवर्षे चालवणाऱ्या लाकूडतोड्यांची बोटे पांढरी पडत, बधिर होत. यंत्रात बदल केल्यामुळे चालकाचे आयुष्य सुधारते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. कोणता बदल करावा?

हातात आलेले यंत्र आपल्या कामाला जुळवून घेणे, हा कारागिराचा स्वभाव आहे आणि तो चांगलाच आहे. लाकडाच्या जातीला योग्य अशी साखळी निवडणे, कमी उसळीची साखळी बसवणे, झिजलेले चाक बदलणे, मोडलेल्या अडसराऐवजी त्याच यंत्राचा नवा अडसर बसवणे हे सर्व हितकारक बदल आहेत. त्यांनी काप सरळ व गुळगुळीत होतो आणि श्रमही वाचतात.

याउलट, काटक्या अडकतात म्हणून अडसर काढून टाकणे, मध्ये येते म्हणून ब्रेकचे कवच उतरवणे, वेग देणारा चाप तारेने बांधून ठेवणे, इंजिनाला न पेलणारी लांब पट्टी लावणे हे घातक बदल होत. साध्या ग्राइंडरला साखळी करवत बनवणारी स्वस्त जोडणीही बाजारात मिळते. ग्राइंडर धातू घासण्यासाठी असतो. त्यात उसळी ओळखणारा ब्रेक नसतो. करवतीच्या मुठींमुळे हातांना मिळणारे रक्षणही त्याला नसते. अशी जोडणी दिसायला करवतीसारखी असली, तरी करवतीचे शहाणपण तिच्यात नाही.

कोणताही बदल करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : साखळी तुटली किंवा हात घसरला, तर शरीर आणि दात यांच्यामध्ये काय उरणार आहे?

७. कडबाकुट्टीचे उदाहरण

हा प्रश्न केवळ करवतीपुरता मर्यादित नाही. दिल्लीजवळच्या हरियाणातील खेड्यांत गुरांचा चारा बारीक करण्याचे यंत्र घरोघर असते. महाराष्ट्रात आपण त्याला कडबाकुट्टी म्हणतो. दोन दातेरी रूळ चारा आत ओढतात आणि मोठ्या चाकावरील पाती तो कापतात. या यंत्राने अनेकांची बोटे व हात गमावले आहेत. त्यांत मुलेही होती. यंत्र अंगणात मोकळे असे. मुले त्याच्याशी खेळत. एकाचा हात रुळाजवळ असताना दुसरे मूल चाक फिरवी.

दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अपघातांचा अभ्यास केला. 'मुलांकडे लक्ष द्या' एवढे सांगून ते थांबले नाहीत. शेतकऱ्याची बाई एकाच वेळी गुरे, चूल आणि मुले सांभाळत असते. तिचे लक्ष सदैव यंत्राकडे राहणे शक्य नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी यंत्रातच सोपे बदल सुचवले. आत ओढणाऱ्या रुळांच्या अलीकडे एक इशारा देणारा रूळ बसवला. हात धोक्याच्या जागी पोहोचण्यापूर्वी त्याला लागतो. पात्यांवर आच्छादन घातले. काम नसताना चाक फिरू नये म्हणून ते अडकवून ठेवण्याची सोय केली. साखळी करवतीतील अडसर आणि कडबाकुट्टीतील हा रूळ यांमागील विचार एकच आहे. माणूस चुकणार, थकणार, त्याचे लक्ष उडणार, हे गृहीत धरूनच यंत्र घडवले पाहिजे.

८. कायदा आणि कर्तव्य

करवत हाती आहे म्हणून झाड कापण्याचा अधिकार मिळत नाही. दिल्ली वृक्ष संरक्षण अधिनियम, १९९४ नुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. झाडामुळे जीविताला, मालमत्तेला किंवा वाहतुकीला तात्काळ धोका असेल, तर मालक ते तोडू शकतो. परंतु त्याची खबर चोवीस तासांच्या आत वृक्ष अधिकाऱ्याला द्यावी लागते.

वादळानंतरचे काम करणारे पुष्कळ कामगार रोजंदारीचे असतात. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर आच्छादन, जाड हातमोजे, बळकट बूट आणि पायांना साखळीपासून वाचवणारी विजार ही त्यांची गरज आहे, चैन नव्हे. ती पुरवणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. मोडलेल्या अडसराची करवत हाती घेण्यास कामगाराने नकार दिला, तर तो आळस समजू नये. अपघातानंतर नवा अडसर बसवणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, असे होईल.

पाठगत प्रश्न

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. पट्टीच्या ______ कडेवरून साखळी चालकाकडे परत येते.
२. बोथट साखळीतून ढलप्यांऐवजी ______ पडतो.
३. उसळीच्या वेळी पुढचे कवच पुढे ढकलले जाऊन साखळीला ______ लागतो.

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. दातांपुढील उंचवटे जितके जास्त उतरवावे तितकी करवत सुरक्षित होते.
२. इशारा देणारा रूळ हा आत ओढणाऱ्या रुळांच्या अलीकडे असतो.
३. पडण्याच्या बेतात असलेले झाड तोडल्यावर कोणालाही कळवण्याची गरज नसते.

भाषाभ्यास

पुढील दोन वाक्ये वाचा.
१. इंजिन बंद करा.
२. इंजिन बंद करावे.

पहिल्या वाक्यातील क्रियापद आज्ञार्थी आहे. त्यातून थेट आज्ञा व्यक्त होते. दुसऱ्या वाक्यातील क्रियापद विध्यर्थी आहे. त्यातून कर्तव्य, योग्यता किंवा अपेक्षा सूचित होते. पाठ्यपुस्तकात आणि माहितीपुस्तिकेत विध्यर्थ शोभतो. परंतु धोक्याच्या फलकावर आज्ञार्थच हवा. कारण तेथे वाचणाऱ्याजवळ विचार करण्यास वेळ नसतो. भाषेतील क्रियापदाची निवडही कधी कधी हात वाचवते.

तुम्ही काय शिकलात?

• साखळीचा अडसर निसटलेली साखळी अडवून चालकाच्या उजव्या हाताचे रक्षण करतो.
• योग्य ताण, योग्य धार आणि योग्य तेल यांमुळे काप सुबक होतो व अपघात टळतात.
• यंत्रातील बदल हात आणि पाते यांतील अंतर राखणारा असावा. ते अंतर नाहीसे करणारा नसावा.
• सावधगिरी आवश्यक आहे. परंतु केवळ सावधगिरीवर विसंबणे पुरेसे नाही.

शब्दार्थ

अडसर – दार आतून बंद ठेवण्यासाठी लावायचा आडवा दांडा, अडथळा
ढलपी – लाकडाचा उडालेला तुकडा
कानस – धार लावण्याचे खरखरीत पोलादी हत्यार
कंपन – थरथर
झोपा – गोठ्याचे दार
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे टोप

स्वाध्याय

१. साखळी निसटण्याची कारणे सांगून त्यांवरील उपाय लिहा.
२. 'धारदार करवत ही बोथट करवतीपेक्षा सुरक्षित असते.' हे विधान सकारण स्पष्ट करा.
३. साखळीचा अडसर आणि कडबाकुट्टीतील इशारा देणारा रूळ यांतील साम्य पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या यंत्राचे निरीक्षण करा. त्यातील संरक्षक भाग कोणते, त्यांपैकी कोणता काढलेला किंवा मोडलेला आहे, हे लिहा.
५. त्या यंत्राजवळ लावण्यासाठी तीन आज्ञार्थी वाक्यांचा फलक तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. खालच्या  २. भुसा  ३. ब्रेक
(आ) १. चूक  २. बरोबर  ३. चूक